किती मिलिमीटर? घरच्या घरी हवामानाची वही कशी ठेवावी

‘काल आमच्याकडे तुफान झाला!’ जून लागला की हे वाक्य रोज कानावर पडतं. माझा प्रश्न ठरलेला असतो: किती मिलिमीटर, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? समोरचा जरा ओशाळतो. मग म्हणतो, रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. पण गुडघाभर पाणी हे गटारांचं माप झालं, पावसाचं नव्हे.

हवामानाचा नाद असलेल्या माणसाने ॲप आणि नकाशे बघण्याआधी स्वतःच्या अंगणातला पाऊस मोजायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. कारण पाऊस फार स्थानिक असतो. २६ जुलै २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पडतो. घाट उतरून वाईला या, आकडा सातशेच्या आसपास येतो. अंतर तीसेक किलोमीटर. मधल्या पाचगणीचं माप तिसरंच. सरकारी केंद्रं कितीही वाढवली तरी तुमच्या गच्चीवर नेमकं काय पडलं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

नरसाळं, कॅन आणि मोजपात्र

कोल्ड्रिंकची बाटली कापून तिला पट्टी चिकटवायची, हा शाळेतला प्रयोग विसरा. त्या बाटलीचा तळ खोलगट असतो, कंबर बारीक असते आणि पहिल्या वाऱ्यात ती शेजाऱ्याच्या अंगणात सापडते.

१६ सेंटिमीटर व्यासाचं प्लास्टिकचं नरसाळं घ्या. काठाची आतली बाजू मोजून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. १६ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे १ मिमी पाऊस झाला की कॅनमध्ये २० मिलिलिटर पाणी जमतं. हिशेब इतका सोपा व्हावा म्हणूनच हे माप निवडलं. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाच्या एका प्रकाराचं तोंडही २०० चौरस सेंटिमीटरचंच असतं. वेगळ्या मापाचं नरसाळं मिळालं तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ करून क्षेत्रफळ काढा आणि त्याला दहाने भागा. तेवढे मिलिलिटर म्हणजे १ मिमी.

नरसाळ्याखाली पाच लिटरचा कॅन. ‘एवढा मोठा कशाला?’ असं देशावरचा माणूस विचारतो, कोकणातला विचारत नाही. २०० मिमी पावसाचं पाणी चार लिटर होतं, आणि असा दिवस रत्नागिरीकडे वर्षातून एखाद-दोनदा येऊ शकतो. कॅन भरून वाहिला की ऐन मोक्याच्या दिवसाची नोंद हातची गेली. मोजायला शंभर मिलिलिटरचं काचेचं किंवा प्लास्टिकचं मोजपात्र प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. थोडा पाऊस असेल तर औषधाची सिरिंज वापरा. २ मिलिलिटर म्हणजे ०.१ मिमी.

कॅनला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा पांढऱ्या बादलीत ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हात पाणी उडून जातं. नरसाळ्याच्या नळीत पानं अडकतात, मुंग्या घर करतात. दर आठवड्याला बघा. जाळी बसवायचा मोह टाळा. तिच्यावर थेंब आपटून बाहेर उडतात.

जागा: इथेच बहुतेकांचं चुकतं

माझंही चुकलं. पहिली दोन वर्षं माझा कॅन गच्चीच्या कठड्याला टेकून ठेवलेला होता, कारण तिथे तो पडत नसे. आमचा पाऊस गल्लीच्या टोकाच्या घरापेक्षा नेहमी कमी भरायचा आणि मी मनातल्या मनात त्यावर सिद्धांतही रचला होता. मान्सूनचा पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो आणि माझा कठडा पश्चिमेलाच होता, एवढी साधी गोष्ट तिसऱ्या पावसाळ्यात ध्यानात आली. ती दोन वर्षं वहीत आजही आहेत, पण पेन्सिलीने खूण करून.

नियम असा: भिंत, झाड, टाकी जे काही जवळ असेल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. चौपट मिळालं तर उत्तम. जमिनीवर ठेवत असाल तर काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच हवा. त्याहून खाली ठेवलं तर जमिनीवर आपटलेले शिंतोडे आत येतात, फार वर नेलं तर वारा थेंब उडवून नेतो. फ्लॅटवाल्यांना अंगण नसतं. त्यांनी गच्चीच्या मधोमध, विटांच्या आधारात ठेवावं आणि वहीच्या पहिल्या पानावर ‘चौथ्या मजल्याची गच्ची’ असं लिहून टाकावं. जागा आदर्श नसली तरी चालेल. फक्त ती बदलू नका, आणि बदललीच तर तारीख लिहा.

साडेआठ म्हणजे साडेआठ

भारतात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. तुम्ही रात्री झोपताना मोजलं तर तुमचा आकडा खात्याच्या आकड्याशेजारी ठेवताच येणार नाही.

तारखेचा घोळ इथेच होतो. आज सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी आजच्या तारखेपुढे लिहायचं, मग तो सगळा पाऊस काल दुपारी पडलेला का असेना. सांताक्रूझचे ते ९४४ मिमीसुद्धा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचे आहेत.

शून्य लिहायला विसरू नका. कोरी जागा म्हणजे ‘मोजलं नाही’, शून्य म्हणजे ‘मोजलं, पडला नाही’. नुसते शिंतोडे आले आणि पाणी मोजण्याइतकं जमलं नाही तर ‘शिं’ लिहा. गावाला गेलात आणि चार दिवसांचं पाणी एकदम मोजलं तर चार रकान्यांना कंस करून एकच बेरीज लिहा. अंदाजाने वाटून देऊ नका. पुढे तुम्हीच फसाल.

आकडा आला की त्याला नाव देता येतं. २४ तासांत २.५ मिमी झाला की तो ‘पावसाचा दिवस’ मोजतात. १५.५ पर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. ‘ढगफुटी’ हा शब्द मात्र जपून वापरा. त्यासाठी तासाभरात १०० मिमी पडावा लागतो. म्हणून मोठी सर सुरू झाली की घड्याळ बघा आणि ओसरली की मधलं माप घेऊन ठेवा. पाणी फेकू नका, साडेआठच्या बेरजेत ते लागेल. अर्ध्या तासात ४० मिमी हासुद्धा जबरदस्त पाऊस असतो, त्याला ढगफुटीचं बिरुद लावायची गरज नाही.

थर्मामीटर सावलीत, आणि एक ओला

भर उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. ‘आमच्याकडे ५१ अंश’ असले फोटो दर एप्रिलमध्ये फिरतात, ते बहुतेक गाडीच्या डॅशबोर्डचे असतात. झडपांची पांढरी पेटी करता आली तर करा, फळी सव्वा ते दोन मीटर उंचीवर आणि दार उत्तरेला. नाही जमलं तर उत्तरेकडच्या, वारा खेळत्या व्हरांड्यात टांगा, भिंतीपासून वीतभर लांब.

दुसरा थर्मामीटर मात्र जरूर घ्या. त्याच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळा आणि तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि हा ओला थर्मामीटर खूप खाली उतरतो. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिलच्या दुपारी दोन्हींत १५ अंशांहून जास्त फरक पडलेला दिसेल. तो फरक एखाद्या दिवशी दहा-बारावर आला तर समजावं, हवेत बाष्प शिरलं. वळवाच्या तयारीची ही पहिली खूण, आणि ती कुठल्याही ॲपआधी तुमच्या व्हरांड्यात कळते.

चार वाजताची घाबरगुंडी

बऱ्याच फोनमध्ये आता बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा मापक, असतो. नवशिका दुपारी चारला बघतो, सकाळपेक्षा दाब तीन-चार हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरलेला असतो, आणि तो वादळ येणार म्हणून घरभर सांगत सुटतो. मीही सांगितलं होतं. घरच्यांनी वाळत घातलेले पापड आत घेतले आणि संध्याकाळी आभाळ निरभ्र.

आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास उतरलेला. सूर्याच्या उष्णतेने सगळ्या वातावरणातच ही भरती-ओहोटी उठते. त्यामुळे आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची, आजच्या दहाशी नाही. दाब चढायच्या वेळी, म्हणजे पहाटेपासून दहापर्यंत, उलट उतरत राहिला तर मात्र कान टवकारा. कोकण किनाऱ्यावर राहत असाल, मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल आणि अरबी समुद्रात काही घोंगावत असेल, तर ही खूण गंभीर आहे. अशा वेळी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा हे ताडून पाहण्यासारखं होतं. अर्थात खिडकीतून, बाहेर जाऊन नव्हे.

फोनचा आकडा प्रत्यक्ष जागेचा असतो, बातम्यांतला समुद्रसपाटीवर आणलेला. पुण्यात ९५० च्या आसपास दिसलं म्हणून घाबरू नका. ती उंचीची करामत आहे.

वळवाचा दिवस कसा वाचावा

हा माझा सर्वांत आवडता भाग. मान्सूनचा पाऊस दिवसच्या दिवस एकसुरी पडत राहतो, पण वळीव म्हणजे तीन तासांचं नाटक, आणि त्याचा पडदा सकाळीच उघडतो.

सकाळी उठल्यावर अंग चिकचिकत असेल, दोन थर्मामीटरांतला फरक कमी झाला असेल, तर दिवस राखून ठेवा. अकराच्या सुमारास कापसाचे पुंजके दिसू लागतात. ते पसरट राहिले तर विषय संपला. पण एखादा फुलकोबीसारखा वर वर चढू लागला, कडा सुरीने कापल्यासारख्या रेखीव राहिल्या, तर तिथली दिशा आणि वेळ लिहा. दीड-दोनच्या सुमारास त्याचा माथा धुरकट, तंतुमय होऊन पसरू लागला, लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा झाला, की तो ढग मोठा झाला. ऐरणीचं टोक जिकडे लांबलं तिकडे वरचा वारा वाहतोय. ढग मात्र त्याच दिशेने सरकेल असं नाही. म्हणून समोरच्या विजेच्या खांबाशी ताडून तो डावीकडे जातो की उजवीकडे हे पाच-पाच मिनिटांनी बघा. जागचा हलतच नसेल आणि नुसता मोठा होत असेल तर तो तुमच्याचकडे येतोय.

मग वारा पडतो. पाखरं गप्प होतात, गदगदायला लागतं. आणि एकदम ढगाच्या बाजूने थंड झोत येतो, धुळीसकट. दारं आपटतात. या क्षणी तीन गोष्टी टिपायच्या: वेळ, वारा कुठून फिरला ती दिशा, आणि तापमान. दहा मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरलेलं मी कैकदा पाहिलंय. दाबही त्याच वेळी टुणकन वर उडी मारतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर निरीक्षण संपलं, घरात या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. गच्चीवरून व्हिडिओ काढणाऱ्यांशी मी याबाबतीत वाद घालत नाही, सरळ ओरडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. शेतात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

ऑक्टोबरचे गडगडाटी ढग वेगळे. मान्सून परतताना वरचे वारे पूर्वेचे होतात आणि संध्याकाळी सह्याद्रीकडून ढग ठाण्या-मुंबईवर उतरतात. चार महिने पश्चिमेकडे बघायची सवय झालेल्याला ते पाठीमागून गाठतात.

रडार आणि उपग्रह: थोडं कमी विश्वासाने

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबई, नागपूर, गोवा अशा रडारची चित्रं दिसतात. त्यातलं ‘मॅक्स झेड’ हे चित्र नीट बघा. मधल्या चौकोनात वरून दिसणारा पाऊस असतो आणि कडेच्या दोन पट्ट्यांत त्याची उंची. बहुतेक लोक त्या पट्ट्या बघतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. दहा-बारा किलोमीटरपर्यंत चढलेला लाल खांब म्हणजे वीज आणि कदाचित गारा.

दोन फसगती ठरलेल्या. हे चित्र उभ्या रेषेतलं सर्वांत जोरदार प्रतिबिंब दाखवतं. ते चार किलोमीटरवरचं असू शकतं, आणि मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये तो पाऊस जमिनीवर पोचायच्या आत वाळून जातो. दुसरी, रडारचा झोत पृथ्वीच्या गोलाईमुळे लांब जाता जाता उंचावतो. अर्ध्या अंशावर सोडलेला झोत १०० किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंच आणि २०० वर चार किलोमीटर उंच असतो. त्याखालचा पाऊस त्याला दिसत नाही.

इन्सॅट या आपल्या उपग्रहांच्या चित्रांवरची वेळ जागतिक असते, साडेपाच तास मिळवा. इन्फ्रारेड चित्रात पांढरंशुभ्र म्हणजे थंड आणि उंच माथा, पाऊसच असेल असं नाही. उलट जुलैत घाटमाथ्यावर ढग ठेंगणे असतात. चित्रात ते फिके राखाडी दिसतात आणि खाली ताम्हिणीत मुसळधार चालू असतो. माझ्या मते पावसाळ्यातल्या घाटासाठी उपग्रहापेक्षा तिथल्या ओळखीच्या चहावाल्याचा फोन बरा.

गारा

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली ते हा भाग सोडून वाचणार नाहीत. लिंबाएवढी, बोराएवढी हे ठीक आहे, पण लिंबं सगळी सारखी नसतात. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. गारा थांबल्यावरच बाहेर जा, मोठ्यात मोठ्या दोन-तीन पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका.

त्याहून चांगली युक्ती: फूटभर लांबी-रुंदीचा इंचभर जाड थर्मोकोल, वर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट ताणून, गच्चीवर विटांनी सपाट दाबून ठेवा. गारा वितळून जातात, खड्डे राहतात. खड्ड्यांच्या रुंदीवरून आकार, संख्येवरून मारा आणि लांबट झालेल्या खड्ड्यांवरून गारा कुठून तिरप्या आल्या ते कळतं. बागाईतदाराला पंचनाम्याच्या वेळी हा तुकडा दाखवायलाही बरा.

मान्सून आला का?

मुंबईची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच पोचला. पण पहिला मोठा पाऊस म्हणजे मान्सून नव्हे. केरळात आगमन जाहीर करतानाही खातं १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिमी पाऊस झाला का ते बघतं, शिवाय पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत आहेत आणि ढग किती दाट आहेत तेही.

तुमच्या वहीची कसोटी साधी असू द्या. वारा दिवसरात्र पश्चिम-नैर्ऋत्येचा, गडगडाट जवळजवळ बंद, पाऊस संध्याकाळचीच वेळ न बघता पहाटेही येतो, आणि दोन थर्मामीटरांतला फरक दोन-तीन अंशांवर. हे तीन दिवस टिकलं की मी पान उलटतो.

नक्षत्रांचं काय? वहीत एक रकाना त्यांच्यासाठी ठेवाच. मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही तेरा-चौदा दिवसांची वाटणी पावसाच्या बेरजेसाठी महिन्यापेक्षा सोयीची आहे. बेडूक, म्हैस, हत्ती या वाहनांवरून पाऊस किती पडेल ते मात्र मला कधी जुळलेलं दिसलं नाही. ताडून बघायला पाच-सहा वर्षांची वही लागते, वाद घालायला लागत नाही. आणि एक लक्षात ठेवा: संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो त्यामुळे, नक्षत्रप्रवेश इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. जुन्या म्हणींतला मृग आजच्या ७-८ जूनच्या आधी लागत होता.

दव, हिमकण आणि खरा बर्फ

डिसेंबरात ‘महाबळेश्वरला बर्फ पडला’ अशी बातमी येते. वेण्णा तलावाकाठी जे पांढरं दिसतं ते आभाळातून पडलेलं नसतं, जागच्या जागी गोठलेलं दव असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत उष्णता सोडून देतं आणि खोलगट भागात थंड हवा साचते. पेटीतला थर्मामीटर चार-पाच अंश दाखवत असताना गवताच्या पात्यावर शून्य असू शकतं. घरी बघायचं तर एक थर्मामीटर गवताच्या टोकांवर आडवा ठेवा आणि सूर्य उगवण्याआधी वाचा. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना हा फरक कुणी शिकवायला नको. रात्री बागेत शेकोट्या कधी पेटवायच्या ते त्यावरच ठरतं.

खरा बर्फ मोजायचं काम माझ्या भाच्याकडे आहे, न्यू जर्सीत. तिथे १९९८ साली कोलोरॅडोत सुरू झालेल्या ‘कोकोराझ’ या हौशी निरीक्षकांच्या जाळ्यात तो आहे. पांढरा रंगवलेला लाकडी फळा अंगणात ठेवायचा, त्यावर साचलेल्या बर्फात पट्टी उभी खुपसून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं आणि फळा झाडून पुन्हा ठेवायचा. हिवाळ्यात पर्जन्यमापकाचं नरसाळं आणि आतली नळी काढून टाकतात, नाहीतर नळी गोठून तडकते. बाहेरच्या नळकांड्यात पडलेला बर्फ मोजलेलं कोमट पाणी ओतून वितळवायचा आणि ओतलेलं पाणी वजा करायचं. दहा इंच बर्फाचं साधारण एक इंच पाणी, हे ढोबळ प्रमाण. ओला बर्फ पाच-सहालाच एक देतो, भुसभुशीत कोरडा वीसला एक.

त्याचे सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात माझे संध्याकाळचे साडेपाच. चहाच्या वेळेला त्याचा निरोप येतो: ‘मामा, काल आमच्याकडे तुफान झाला, साडेचार इंच!’

मी विचारतो, ‘वितळवून किती?’